साहस-शर्यत आणि पथकाची गती

धावण्याच्या, पोहण्याच्या किंवा सायकलच्या शर्यतीत अंतर ठरलेले असते, मार्ग आखलेला असतो आणि प्रत्येक स्पर्धकाची वेळ स्वतंत्रपणे मोजली जाते. साहस-शर्यतीची रीत निराळी आहे. तीत पायी चालणे, डोंगरवाटांवर सायकल चालविणे, कयाक नावाच्या निमुळत्या होडीतून नदी अथवा सरोवर पार करणे, दोराच्या आधाराने कडा उतरणे असे अनेक क्रीडाप्रकार एकामागून एक येतात. ठरावीक चौक्यांना भेट देणे बंधनकारक असले, तरी दोन चौक्यांमधील वाट बहुधा स्पर्धकांनीच नकाशावरून शोधून काढायची असते. आणि पथकातील अखेरच्या व्यक्तीने अंतिम रेषा ओलांडल्याखेरीज त्या पथकाची वेळ नोंदविली जात नाही. या शेवटच्या नियमात या खेळाचे मर्म सामावलेले आहे. पथकातील सर्वांत चपळ गडी किती वेगाने धावू शकतो, याला येथे फारसे मोल उरत नाही. सर्वांत मंद गड्याची गती हीच पथकाची गती होय.

विद्यार्थ्यांच्या शिक्षणात या खेळाला स्थान मिळाले ते मुख्यतः या नियमामुळे. तथापि याच ठिकाणी एक अवघड प्रश्नही उभा राहतो. शर्यत म्हटली की त्वरा आलीच. आणि डोंगरात, पाण्यात व थंडीत त्वरा अनेकदा घातक ठरते. तरुण मुलांना स्पर्धेची ईर्षा आणि थांबण्याचा विवेक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा शिकवाव्यात?

खेळाचा उगम

साहस-शर्यतीच्या अनेक उगमांपैकी एक विद्यापीठाच्या आवारात सापडतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या गिर्यारोहण मंडळाने १९४७ मध्ये सलग चोवीस तासांची एक पदयात्रा-स्पर्धा सुरू केली. नकाशा व होकायंत्र घेऊन रात्रंदिवस रानातून वाट काढण्याच्या या परंपरेतून १९७६ मध्ये ‘रोगेन’ हा स्वतंत्र खेळ आकाराला आला. रॉड, गेल आणि नील या तिघा प्रवर्तकांच्या नावांतील आद्याक्षरे जुळवून हे नाव तयार झाले. रोगेनमध्ये दोन ते पाच जणांचे पथक असते. विस्तीर्ण प्रदेशात विखुरलेल्या चौक्यांना निरनिराळे गुण दिलेले असतात आणि कोणत्या चौक्या गाठायच्या व कोणत्या सोडायच्या, हे पथकाने ठरवायचे असते. परतण्यास उशीर झाला तर गुण कापले जातात. पथकातील सर्वांनी एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात राहिले पाहिजे, असा नियमच आहे.

दुसरा प्रवाह न्यूझीलंडमधून आला. रॉबिन जडकिन्स यांनी १९८३ मध्ये त्या देशाच्या दक्षिण बेटावर ‘कोस्ट टू कोस्ट’ ही शर्यत सुरू केली. पश्चिमेकडील टास्मन समुद्राच्या किनाऱ्यापासून पूर्वेकडील पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतचे सुमारे २४३ किलोमीटरांचे अंतर धावून, सायकलीवरून आणि वायमाकारिरी नदीतून कयाक वल्हवीत पार करायचे, असे तिचे स्वरूप आहे. पुढे १९८९ मध्ये जेरार फ्यूझिल या फ्रेंच गृहस्थांनी ‘रेड गोलवाज’ ही अनेक दिवसांची शर्यत न्यूझीलंडमध्येच भरविली. पाच जणांचे पथक, त्यात किमान एक स्त्री आणि सर्वांनी बरोबरच शर्यत पुरी करणे, या तिच्या अटी होत्या. मिश्र पथकाची कल्पना आजही या खेळात कायम आहे.

टोंगारिरोच्या परिसरात

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील टोंगारिरो राष्ट्रीय उद्यान हा ज्वालामुखींचा प्रदेश आहे. २,७९७ मीटर उंचीचा रुआपेहू हा त्यातील सर्वोच्च पर्वत. या परिसरात ग्रॅम डिंगल यांनी १९७२ मध्ये तरुणांसाठी एक मैदानी शिक्षण-केंद्र स्थापन केले आणि त्याला सर एडमंड हिलरी यांचे नाव देण्यात आले. या केंद्रातर्फे माध्यमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांसाठी ‘हिलरी चॅलेंज’ ही साहस-शर्यत भरविली जाऊ लागली. मुले आणि मुली मिळून आठ जणांचे एक पथक असते आणि स्पर्धा पाच दिवस चालते. तीत बुद्धी व शक्ती या दोहोंची परीक्षा पाहणारी कोडी येतात, पाठीवर सामान घेऊन रानात मुक्काम करण्याची मोहीम येते आणि धावणे, सायकल व कयाक यांची बहुक्रीडा शर्यतही येते.

हिलरी यांचे नाव भारतीय वाचकाला एव्हरेस्टमुळे परिचित आहे. त्यांच्या जीवनातील आणखी एक प्रसंग मात्र या विषयाच्या अधिक जवळचा आहे. १९७७ मध्ये त्यांनी गंगासागरापासून उगमाच्या दिशेने जेट-बोटींतून गंगेचा उलटा प्रवास केला. नंदप्रयागाजवळ धबधब्याने बोटींची वाट अडविल्यावर पुढची मोहीम पायी सुरू झाली. या अखेरच्या टप्प्यात विरळ हवेमुळे हिलरी गंभीर आजारी पडले. सोबत्यांनी त्यांना खाली उतरविले आणि मग हेलिकॉप्टरने त्यांची सुटका झाली. चोवीस वर्षांपूर्वी जगातील सर्वोच्च शिखरावर उभा राहिलेला हा पुरुष त्या दिवशी आपल्या पथकातील सर्वांत मंद गडी होता. असा दिवस कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो, हे पथकातील प्रत्येकाने आरंभीच मान्य करावयाचे असते.

नकाशा आणि वेळेचा हिशेब

शर्यतीत उतरणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम नकाशा वाचता आला पाहिजे. समान उंचीची स्थळे जोडणाऱ्या समोच्चरेषा जेथे दाटीवाटीने येतात तेथे चढ उभा असतो आणि जेथे त्या विरळ होतात तेथे जमीन सपाट असते, एवढे ज्ञान शाळेतील भूगोलातही मिळते. परंतु नकाशा प्रत्यक्ष भूमीशी जुळवून घेताना होकायंत्राचा एक गुणधर्म लक्षात ठेवावा लागतो. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे नव्हे, तर चुंबकीय उत्तरेकडे वळते. या दोन दिशांमधील कोनाला दिक्पात म्हणतात. महाराष्ट्रात हा कोन इतका अल्प आहे की सह्याद्रीत भटकणारा मनुष्य तो विसरला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. टोंगारिरोच्या परिसरात मात्र तो वीस अंशांहून अधिक आहे. तेथे तो विसरल्यास एक किलोमीटरच्या वाटचालीत सुमारे साडेतीनशे मीटर बाजूला भरकटणे ओघानेच आले. धुक्यात एवढे अंतर चुकीच्या दरीत उतरण्यास पुरेसे होते.

दुसरा हिशेब वेळेचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा आजही उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटरांना एक तास आणि त्याखेरीज दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, असे त्याचे स्थूल रूप आहे. समजा, पुढची चौकी १२ किलोमीटरांवर आहे आणि वाटेत ९०० मीटरांचा चढ आहे. अंतरासाठी २ तास २४ मिनिटे आणि चढासाठी दीड तास धरल्यास एकूण ३ तास ५४ मिनिटे होतात. हा आडाखा तंदुरुस्त, विसावलेल्या आणि हलके ओझे असलेल्या माणसाचा आहे. थकवा, चिखल, उलटा वारा व अंधार यांची भर त्यात स्वतंत्रपणे घालावी लागते. हिशेब करताना पथकातील सर्वांत दमलेल्या गड्याला प्रमाण मानले, तरच तो खरा ठरतो. पुष्कळ पथके नेमकी येथे फसतात. सकाळच्या उत्साहात आखलेला बेत पुढाऱ्यांच्या पायांचा असतो आणि सायंकाळी तो मागे पडलेल्यांच्या पायांनी पुरा करावा लागतो.

ओझ्याची वाटणी

गती वाढविण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे ओझ्याची फेरवाटणी. दमलेल्या सोबत्याच्या सॅकमधील पाच किलो सामान उरलेल्या सात जणांनी वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण किलोहूनही कमी वजन येते. सातांना ते फारसे जाणवत नाही, पण आठव्याची चाल बदलते आणि त्यामुळे साऱ्या पथकाची चाल सुधारते. गणित इतके सोपे असूनही ते अंमलात आणणे कठीण जाते, कारण ओझे देणाऱ्याला संकोच वाटतो. म्हणून अनुभवी पथके ही गोष्ट मागण्यावर सोडत नाहीत. कोणाचे ओझे केव्हा हलके करावयाचे, याची पाहणी दर विश्रांतीच्या वेळी केली जाते आणि तिला कोणी उपकाराचे रूप देत नाही.

थंडीचा धोका

थांबण्याच्या विवेकाला शास्त्रीय आधार मिळाला तो एका शोकांतिकेतून. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात ‘फोर इन्स वॉक’ नावाची तरुणांची पदयात्रा-स्पर्धा भरत असे. सुमारे ७२ किलोमीटरांचा हा मार्ग उघड्या माळरानांवरून जाई. मार्च १९६४ मध्ये पाऊस, वारा आणि थंडी यांनी स्पर्धकांना गाठले व त्यांतील तिघे तरुण मृत्युमुखी पडले. ग्रिफिथ प्यू या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने या घटनेचा सखोल अभ्यास केला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिलरींबरोबर असलेले शास्त्रज्ञ ते हेच.

त्यांच्या अभ्यासाचा सारांश असा सांगता येईल. जोमाने चालणारे शरीर पुष्कळ उष्णता निर्माण करते. म्हणून कपडे भिजले तरी चालणाऱ्याला काही काळ थंडी बाधत नाही. परंतु ओले कपडे व वारा एकत्र आले की कपड्यांची ऊब राखण्याची शक्ती फार घटते. मग थकव्याने चाल मंदावते, चाल मंदावल्याने उष्णता कमी होते आणि उष्णता कमी झाल्याने स्नायू आणखी दुबळे होतात. शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली घसरले, की त्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘हायपोथर्मिया’ म्हणतात. पाय अडखळणे, बोलणे अस्पष्ट होणे, विनाकारण चिडणे किंवा गप्प होणे ही तिची लक्षणे होत.

यातील सर्वांत घातक बाब ही, की थंडी बुद्धीवरही झडप घालते. ग्रासलेल्या मनुष्याला आपण ग्रासले गेलो आहोत हे कळत नाही. उलट, ‘मी ठीक आहे’ असे तो वारंवार सांगतो. त्याची अवस्था केवळ सोबत्याच्या नजरेलाच कळू शकते. पथकाने हाकेच्या टप्प्यात राहावे हा नियम येथे शिस्तीपुरता उरत नाही, त्यावर जीव अवलंबून असतो. अशा वेळी वाऱ्यापासून आडोसा शोधणे, ओले कपडे काढून कोरडे व उबदार कपडे घालणे, शुद्धीवर असल्यास गोड व गरम पेय देणे आणि मदत मागविणे, हेच पथकाचे काम असते. शर्यत तेथे संपलेली असते.

परत फिरण्याचा निर्णय

टोंगारिरोच्या परिसरातच, १५ एप्रिल २००८ रोजी, मांगातेपोपो नदीच्या अरुंद घळीत दहा विद्यार्थी, एक शिक्षक आणि एक प्रशिक्षक असे बारा जण उतरले होते. ही शर्यत नव्हती. उपरोक्त केंद्राच्या शिक्षणक्रमातील ती एक सफर होती. मुसळधार पावसाने नदी झपाट्याने फुगली आणि सहा विद्यार्थी व त्यांचे शिक्षक वाहून जाऊन मृत्यू पावले. हवामानाची माहिती, प्रशिक्षकाचा अनुभव आणि व्यवस्थापनाची दक्षता या सर्व बाबी चौकशीत तपासल्या गेल्या. केंद्राने न्यायालयात आपला दोष मान्य केला. २०११ मध्ये न्यूझीलंडने साहसी उपक्रम चालविणाऱ्यांसाठी सुरक्षा-तपासणी कायद्याने बंधनकारक केली.

या घटनेवरून असे उपक्रम बंदच करावेत, असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु धोक्याचा अंदाज घेण्याची कला धोक्यापासून सर्वथा दूर ठेवलेल्या मुलाला अवगत होत नाही, हेही तितकेच खरे. खरा प्रश्न जबाबदारीच्या विभागणीचा आहे. पावसाचा अंदाज पाहून मार्ग रद्द करणे, नदीची पातळी तपासणे, सुटकेची सोय ठेवणे ही कामे आयोजकांची आहेत आणि ती सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर ढकलता येत नाहीत. वाट चुकल्यास ओळखणे, सोबत्याचा चेहरा वाचणे, बेत बदलणे आणि गुणांवर पाणी सोडणे ही कामे मात्र मुलांची आहेत. ती मोठ्यांनी त्यांच्या वतीने केली, तर शर्यतीतून काहीच शिकवले जात नाही.

साहस-शर्यतींच्या नियमांत या दृष्टीने एक तरतूद सामान्यतः आढळते. वाटेत दुसऱ्या पथकातील कोणी जखमी अथवा संकटात दिसल्यास थांबून साहाय्य करणे सक्तीचे असते आणि त्यात गेलेला वेळ आयोजक त्या पथकाला परत देऊ शकतात. मदतीसाठी थांबलेल्याची अशी भरपाई करता येते. पण पावसाची चिन्हे पाहून, चौकी डोळ्यांसमोर दिसत असताना जे पथक मागे वळले, त्याची भरपाई कोणत्याही तक्त्यात करता येत नाही. निकालात ते पथक खालच्या क्रमांकावर दिसते. त्याने काय टाळले, हे कोणालाच पाहता येत नाही. कारण जे टळले ते घडलेलेच नसते. म्हणून स्पर्धेनंतर आपल्या मुलांशी बोलताना शिक्षकाने पहिली चौकशी क्रमांकाची न करता कोठे थांबलात आणि का थांबलात याची केली, तर पुढच्या वर्षी डोंगरात जाणाऱ्या पथकाला तीच शिदोरी उपयोगी पडेल.