नाताळची न्याहारी आदल्या दिवशी



गेल्या नाताळच्या सकाळी आठच्या मिस्सेनंतर मी काही घरांना भेटी दिल्या. एका घरी बाई कढईसमोर घामाघूम होऊन फुगे तळत होत्या. मिस्सेला दिसल्या नाहीत, असे मी सहज म्हणालो. त्या म्हणाल्या, "फादर, देव समजून घेईल, पाहुणे नाही घेणार." रात्री सासूबाईंजवळ बसायला कोणी नव्हते म्हणून मध्यरात्रीची मिस्साही त्यांची हुकली होती. देव समजून घेतो हे खरेच. पण घरातल्या आम्ही इतरांनी किती समजून घेतले, हा प्रश्न मला वर्षभर छळत राहिला. म्हणून आगमनकाळातील हा पाठ थोडा स्वयंपाकघरातला आहे.

1. न्याहारी आणि मिस्सा

आपल्या आजी-आजोबांच्या काळी कम्युनियन घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून काहीही खायचे-प्यायचे नसे. 1953 साली पोप पायस बारावे यांनी पाण्याची मोकळीक दिली, 1957 साली जेवणासाठी तीन तासांची मर्यादा घातली आणि 1964 साली पोप पॉल सहावे यांनी ती एक तासावर आणली. आजही कम्युनियनपूर्वी एक तास पाणी व औषधाखेरीज काही घेऊ नये असा नियम आहे. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना त्यातून सूट आहे.

म्हणजे पूर्वी नाताळची न्याहारी हे खरोखरच उपवास सोडणे होते. आधी वेदी, मग घरचे टेबल. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच 'भाकरीचे घर' असा आहे आणि बाळ येशूला निजवले तेही गुरांच्या खाण्याच्या गव्हाणीत. तेव्हा खाणे ही नाताळला परकी गोष्ट नाही. प्रश्न क्रमाचा आहे.

2. साधन आणि साध्य

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलचा एक विचार मनात राहिला: आपण श्रम करतो ते निवांतपणासाठी, निवांतपणा श्रमासाठी नसतो. न्याहारी हे साधन आहे. एकत्र बसून प्रभूचा जन्म साजरा करणे हे साध्य. ताटात पाच पदार्थ आहेत, पण ते करणारी व्यक्ती ताटावर नाही, तर साधनाने साध्यालाच खाऊन टाकले असे म्हणावे लागेल. मार्था व मरियेचा प्रसंग (लूक 10:38-42) वाचताना आपण मार्थेला दोष देतो. पण त्या घरात तिच्या मदतीला कोणी उठले नाही, हेही लक्षात घ्यावे.

3. आधी काय करून ठेवता येईल?

आपल्या भगिनींना विचारून ही यादी केली आहे.

*23 डिसेंबर:* विंदालू किंवा सोरपोतेल. व्हिनेगरमुळे मसाला मुरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चव अधिकच चांगली लागते. पूर्ण शिजवावे, पसरट भांड्यांत काढून लवकर निववावे व दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. थंडीचे दिवस आहेत म्हणून पातेले रात्रभर ओट्यावर ठेवू नये. आपल्याकडची थंडी तेवढी नसते.

*24 डिसेंबर, दुपार:* फुग्यांचे पीठ. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, अर्ध्या नारळाचे दूध, चमचाभर यीस्ट, साखर, मीठ आणि लागेल तसे कोमट पाणी. तीन-चार तासांत पीठ फुगते. संध्याकाळी तळून, पूर्ण गार झाल्यावर कापडात गुंडाळून डब्यात भरावेत. अंडी उकडून सालीसकट फ्रीजमध्ये ठेवावीत.

*25 डिसेंबर, सकाळ:* फुगे चाळणीत ठेवून पाच मिनिटे वाफवावेत. विंदालू लागेल तेवढेच काढून चांगली उकळी आणावी; सगळे पातेले पुन्हापुन्हा गरम करू नये. एवढे काम वीस-पंचवीस मिनिटांचे आहे. बारा वर्षांचा मुलगाही मोठ्यांच्या देखत ते करू शकतो.

शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले आहे. काम 24 तारखेला ढकलले आणि करणारी तीच एकटी राहिली, तर काहीच बदलले नाही. मांस कापणे, नारळ खवणे, तळणे, भांडी घासणे ही कामे पुरुषांनी व मुलांनी वाटून घ्यावीत. वृद्धांजवळ बसण्याची पाळीही आधीच ठरवावी: एकाने रात्रीच्या मिस्सेला जावे, दुसऱ्याने सकाळच्या. पाहुण्यांनाही न्याहारी मिस्सेनंतरच मिळेल असे मोकळेपणाने सांगावे. आणि कुठे ताटात एक पदार्थ कमी दिसला, तर पाहुण्यांनी त्याबद्दल बोलू नये.

पहाटेच्या मिस्सेच्या शुभवर्तमानात मेंढपाळ घाईने बेथलेहेमला जातात. त्यांनाही रात्रपाळीचे काम होतेच. तरी ते गेले, आणि सगळे मिळून गेले.

कुटुंबात चर्चेसाठी

1. गेल्या नाताळला आपल्या घरातले कोण मिस्सेला येऊ शकले नाही? का?
2. न्याहारीला सर्वांत शेवटी कोण बसले?
3. यंदा 24 तारखेचे कोणते काम मी माझ्याकडे घेईन?

त्या भगिनीला यंदा मिस्सेत पुढच्या बाकावर पाहण्याची माझी इच्छा आहे. फुगे मग आपण सगळेच खाऊ.

आपणां सर्वांना नाताळच्या आगाऊ शुभेच्छा.

— तुमचे धर्मगुरू