पाडवा आला, माळा नको

प्रश्न : माझं वय ३८. गेल्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं. पाडव्याआधी घर आवरायला काढते आणि संध्याकाळी पसारा दुप्पट! सासूबाईंना हा आळस वाटतो. काय करू?

उत्तर : आळस नाही हा. एडीएचडीत काय करायचं हे ठाऊक असतं. सुरुवात, क्रम आणि वेळेचा अंदाज इथे अडतं. कपाट उघडलं, जुना अल्बम सापडला, दुपार गेली, हे त्यातूनच होतं.

म्हणून माळ्याला हात नको. 'स्वयंपाकघर' हे काम नव्हे, 'मसाल्याचा कप्पा' हे काम. मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावा आणि एक कप्पा लागेपर्यंत दुसरा उघडू नका. दुसऱ्या खोलीतली वस्तू हाती लागली तर ती पोचवायला उठू नका, टोपलीत टाका. शेवटी एकदाच फेरी मारा. बहुतेकांचा घात या उठण्यातच होतो.

कुणी नुसतं सोबत बसलं तरी अनेकांचं काम पुढे सरकतं. सासूबाईंना भाजी निवडायला तिथेच बसायला सांगा. (सूचना न देण्याच्या अटीवर!)

नवे एकसारखे डबे आणायचा मोह टाळा. नजरेआड गेलेलं तुमच्या लेखी नसतंच. पारदर्शक बरण्या आणि दार नसलेली फळी बरी. घडी घालणं जमत नसेल तर मुलांचे घरचे कपडे सरळ टोपलीत राहू द्या.

औषध सुरू असेल तर त्याचा परिणाम असतो त्या वेळात कंटाळवाणं काम घ्या. डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.