शाळा अंगणात आली

पोर शाळेत गेले नाही, तर आपण म्हणतो, "पोरगं द्वाड आहे." ताराबाई मोडक तसे म्हणाल्या नाहीत. त्यांनी शाळाच पोराच्या दारी नेली.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी एवढ्या शिकलेल्या बायका थोड्याच. पुढे राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्रिन्सिपॉल झाल्या. तिथे शिक्षिका तयार होत. मोठ्या मानाची नोकरी!

पण १९२३ साली ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. तिथे मुले खेळता खेळता शिकत. मार नाही, धाक नाही. शिक्षिकांना शिकवणाऱ्या बाई आता मुलांपाशी बसून स्वतः शिकू लागल्या.

१९४५ साली त्यांनी बोर्डी गावी बालवाडी काढली. अनुताई वाघ मदतीला आल्या. गरीब वस्तीतली मुले मात्र येईनात. मग बाईच वस्तीत गेल्या. तिथल्या अंगणात मुले जमवली. तीच अंगणवाडी! पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७३ साली त्या वारल्या.

आज गावोगाव अंगणवाडी आहे. उद्या आपले पोर जायला रडले, तर आपण काय करू? हात उगारण्याआधी त्याला जवळ घेऊ. "का रे, काय झालं?" एवढे तरी विचारू.