ट्रोम्सोचा हिवाळा

मीरा : मावशी, नॉर्वेतल्या ट्रोम्सोमध्ये नोव्हेंबरअखेर मावळलेला सूर्य थेट जानेवारीच्या मध्यावर उगवतो. तरी तिथली माणसं हिवाळ्याबद्दल कृतज्ञ असतात म्हणे. ही निव्वळ मनाची समजूत नाही का?

मावशी : तिथला काळोख कसा असतो ते आधी बघ. ट्रोम्सो ६९ अंश उत्तरेच्या पलीकडे आहे, पण मध्यान्हीच्या सुमारास सूर्य क्षितिजाखाली फार खोल नसतो. त्यामुळे भर दुपारी काही तास संधिप्रकाश असतो. बर्फ, खाडी, डोंगर निळेशार होतात, दक्षिणेला कधी गुलाबी कड उमटते. लोक तेवढ्यात बाहेर पडतात, आणि नंतरही स्कीच्या वाटांवर दिवे असतातच. घरोघरी मेणबत्त्या लागतात. कॅरी लिबोविट्झ ही अमेरिकी संशोधक तिथे अभ्यासाला राहिली. योआर विट्टेर्सो यांच्यासह तिने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हिवाळ्यात काही चांगलं शोधणारे लोक आयुष्याबाबतही जास्त समाधानी आढळले. शिवाय ओस्लोहून ट्रोम्सो, तिथून स्वालबार्ड, असं उत्तरेला जावं तशी ही वृत्ती वाढलेली दिसली.

मीरा : पण ज्यांना झेपत नाही ते निघून जात असतील. मग उरलेले समाधानी असणारच!

मावशी : शंका रास्त आहे. स्वालबार्डला तर बहुतेक जण स्वतःहून गेलेले. समाधानी माणसालाच हिवाळा गोड लागतो, असंही असू शकेल. अशी पाहणी संबंध दाखवते, कारण सिद्ध करत नाही. आणि हिवाळी नैराश्य हा खराखुरा आजार आहे. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यावर प्रकाशोपचार करतात. अशा रुग्णाला ‘चांगलं तेवढं बघ’ म्हणणं क्रूरपणाच. माझं म्हणणं एवढंच, की ट्रोम्सोतली कृतज्ञता मनाला बजावून आलेली नाही. वाटेवर दिवा आहे म्हणून माणूस बाहेर पडतो, बाहेर पडतो म्हणून ती निळाई त्याला दिसते.

मीरा : तरी सूर्य परतला की उत्सव करतातच ना? म्हणजे काळोख नकोसाच!

मावशी : करतात की. डोंगरांआडून सूर्य शहरात दिसायला आणखी काही दिवस लागतात, म्हणून २१ जानेवारीला सूर्यदिन. त्या दिवशी जॅम भरलेले, तळलेले गोल पाव खातात. पण पाहुणा आल्याचा आनंद झाला, म्हणून त्याच्याआधीचे दिवस वाईट गेले असं कुठे होतं?