छिन्नरुहा : वनस्पतींचे प्रजनन आणि द्रव्यनिश्चिती

गुडूचीच्या पर्यायनामांत ‘छिन्नरुहा’ आणि ‘छिन्नोद्भवा’ ही नावे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेली आहेत. छेदली असता पुन्हा उगवते ती, एवढा अर्थ सांगून आपण पुढे जातो. वस्तुतः वनस्पतींच्या अलैंगिक प्रजननाचे सूत्रच या नावांत आले आहे, आणि औषधिनिर्मात्याला त्याचा दैनंदिन व्यवहारात उपयोग आहे.

पवनार येथे आमच्या परसातील कडुनिंबावर जुनी गुळवेल आहे. तिची बोटभर जाडीची कांडे तोडून आम्ही आणखी चार झाडांच्या बुंध्याशी लावली. पहिल्याच पावसात सर्व फुटली. उन्हाळ्यात पाने झडली की पिवळसर फुलांचे तुरे येत. लाल फळ मात्र कित्येक वर्षांत एकही दिसले नाही. कारण साधे होते. गुळवेलीची नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. नर फुले झुबक्यांनी, तर मादी फुले बहुधा एकेकटी असतात. आमची मूळ वेल नर होती, म्हणून तिच्या कांडांपासून वाढलेल्या चारही वेली नर निघाल्या. खरे पाहता त्या तिची अपत्ये नव्हेतच. एकच वेल पाच ठिकाणी वाढत होती.

लैंगिक प्रजननात परागकण स्त्रीकेसरावर पडतो, बीजांडाचे फलन होते आणि बी तयार होते. त्या बीमध्ये दोन्हीकडील गुणसूत्रांचा नवा मेळ असतो. कांड, कंद किंवा मूळ लावले असता असा मेळ होत नाही. मूळ झाडाचीच आनुवंशिक घडण पुढे चालते. जमीन, ऋतू आणि काढणीचा काळ यांमुळे द्रव्यात फरक पडतो, परंतु वाण बदलत नाही.

हा लाभ आहे तसाच धोकाही आहे. मूळ वेल ओळखण्यात चूक झाली, तर ती चूकही कांडाकांडाने वाढते. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे वृत्त पसरल्यावर, २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद जाहीर केला. क्रिस्पाच्या कांडावर ठळक उंचवटे असतात आणि त्यातून दुधासारखा स्राव येतो. तिचे फळ लांबट व नारिंगी असते. कॉर्डिफोलियाचे फळ गोल व लाल असते. अर्थात फळ मादी वेलीवरच येणार, त्यामुळे आमच्यासारख्या नर वेलीच्या मालकाला ही खूण निरुपयोगी. त्याने कांड व फुले पाहूनच निर्णय करावा.

आपल्याच जिल्ह्यातील वायगावची हळद हे दुसरे उदाहरण. समुद्रपूर तालुक्यातील या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीत गुणसूत्रांचे तीन संच (एकूण ६३) असल्याने परागकण व बीजांडे घडताना त्यांची समान वाटणी होत नाही. फूल येते, पण सकस बी सहसा धरत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गड्डेच बेणे म्हणून लावले जातात. वाण टिकला तो याच मार्गाने. कंदकूजही याच मार्गाने शेतातून शेतात जाते.

आवळ्याची गोष्ट निराळी. बियांपासून वाढलेल्या आवळ्याची फळे झाडागणिक लहानमोठी निघतात. म्हणूनच कृष्णा, कांचन, एन.ए.-७ यांसारख्या जाती डोळा भरून वाढवतात. मात्र फळधारणेसाठी दुसऱ्या जातीचे पराग उपयोगी पडतात, त्यामुळे संपूर्ण बाग एकाच जातीची करू नये. च्यवनप्राशासाठी स्वतःची बाग लावणाऱ्यांनी हे विसरू नये.

येथे एक सावधगिरी. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कुटजाचे पुरुष व स्त्री असे भेद सांगितले आहेत. ते गुळवेलीतील नर-मादीसारखे नव्हेत. ते पांढरा कुडा व काळा कुडा या दोन भिन्न वनस्पतींशी जुळतात, आणि दोहोंच्या प्रत्येक फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्रच असतात. कडू इंद्रजव पांढऱ्याचे, गोडे काळ्याचे. ‘जोडीतले दुसरे’ म्हणून एकाऐवजी दुसरे घेणे म्हणजे द्रव्यच बदलणे होय.

कच्च्या मालाच्या नोंदवहीत आम्ही आता गाव व दिनांक यांच्यासोबत लागवड बियांची की कांडाची, आणि मूळ झाड कोणते, हेही लिहितो. गेल्या पावसाळ्यात लाल फळे धरलेल्या एका वेलीचे कांड आणून विहिरीजवळच्या निंबाशी लावले आहे. ते फुटले आहे. फुले अद्याप आलेली नाहीत.