रोध कमी, मग वीज जास्त कशी?

प्रश्न : आमच्या गिझरवर 230 व्होल्ट, 2000 वॉट असं लिहिलंय. मुलगा म्हणतो, त्याच्या कॉइलचा रोध 100 वॉटच्या बल्बपेक्षा कमी असतो. मग वीजही कमीच लागायला हवी ना? तो 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालेल का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. घरातलं व्होल्टेज साधारण ठरलेलं असतं. म्हणून रोध जितका कमी, तितका करंट जास्त. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. 2000 ला 230 ने भागा : करंट 8.7 अँपिअर. 230 ला 8.7 ने भागा : रोध सुमारे 26 ओहम. पेटलेल्या 100 वॉटच्या बल्बचा हाच हिशोब 529 ओहमवर जातो.

म्हणजेच 6 अँपिअरचा सॉकेट नकोच. तो तापून वितळू शकतो. 16 अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र जाड वायर आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. मल्टिमीटरने रोध मोजायचा तर आधी मेन स्विच बंद करा.

बिलाची धास्ती नको : हा गिझर सलग अर्धा तास तापला, की 1 युनिट होतं. आंघोळ झाली, की स्विच बंद करा.