जालन्याचे तीन नारायण



विवाहसमयी मंगलाष्टके संपत आली म्हणजे पुरोहित 'सावधान' हा शब्द उच्चारितात, अक्षता पडतात आणि वाजंत्री वाजू लागते. हा शब्द तुम्ही किती तरी वेळा ऐकिला असेल. परंतु त्याच्या अर्थाकडे आपल्यापैकी कितीकांचे लक्ष जाते? आपल्याच जिल्ह्यातील बारा वर्षांच्या एका मुलाचे ते गेले, आणि तो बोहल्यावरून निघून गेला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. त्या मुलाचे नाव नारायण सूर्याजी ठोसर. पुढे जग त्यास समर्थ रामदास म्हणून ओळखू लागले.

शालेय वर्ष संपत आले म्हणजे आमच्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. विद्यार्थी येऊन हळूच म्हणतो, "सर, घरचे सांगतात ते मला करावयाचे नाही, माझ्या मनात दुसरेच आहे." दुसऱ्या दिवशी त्याचे वडील येतात आणि म्हणतात, "सर, याला जरा समजावा. चार लोक जातात त्या वाटेने याला जाऊ द्या." दोघांचेही बोलणे कळकळीचे असते. अशा वेळी आम्हांस आपल्या जिल्ह्यातील तीन पुरुषांचे स्मरण होते. योग असा की, तिघांच्याही नावात 'नारायण' आहे, आणि तिघांनीही मळलेली वाट सोडिली.

पहिले नारायण घनसावंगी तालुक्यातील जांब या गावचे; जन्म सन १६०८. त्यांनी मंडप सोडिला ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. पुढे काय केले, हे फार थोडे विचारतात. मंडप सोडण्यास घटकाभर पुरली असेल. परंतु त्यानंतर नाशिकजवळ टाकळी येथे त्यांनी बारा वर्षे अध्ययन व तप यांत घालविली, असे सांगतात. पुढे आणखी बारा वर्षे त्यांनी पायी देश पाहिला. सन १६४४ च्या सुमारास ते कृष्णातीरी आले, आणि सन १६४८ मध्ये चाफळ येथे त्यांनी राममंदिर उभारिले. 'दासबोध' हा ग्रंथ त्या दीर्घ तयारीचे फळ होय. घर सोडितेवेळी जेवढे वय होते, त्याच्या दुप्पट काळ केवळ तयारीत गेला! इकडे मातोश्री राणूबाई यांस इतकी वर्षे पुत्राचे मुख दिसले नाही, असे परंपरा सांगते. त्या वाटेचे मोल केवळ पुत्राने नव्हे, मातेनेही भरिले, हे आपण विसरू नये.

दुसरे नारायण म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या आणि मुंबईच्या मिशनशाळेत शिकलेल्या या तरुणाने सन १८४३ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी अशा मनुष्यास घर, जात, नातलग या सर्वांस मुकावे लागे. त्याच वर्षी त्यांचा धाकटा बंधू श्रीपत हाही त्याच मार्गाने जाऊ इच्छीत होता. परंतु तो अल्पवयी असल्यामुळे न्यायालयाने त्यास पित्याच्या स्वाधीन केले. त्यास पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला, आणि त्यास घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला. एका घरातील मुलांच्या निर्णयाने सारी मुंबई ढवळून निघाली. नारायणराव शिकलेले होते. मुंबईतच मानाने राहणे त्यांस कठीण नव्हते. तथापि पुढे ते निजामाच्या राज्यातील जालन्यास आले. गावकुसाबाहेर राहणाऱ्या मातंग बांधवांमध्ये त्यांनी काम केले, आणि निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ 'बेथेल' हे गाव वसविले. बेथेल या इब्री शब्दाचा अर्थ 'देवाचे घर'. ज्यांस गावात घर नव्हते, त्यांच्या गावास हे नाव मिळाले, यातच त्यांचे स्वप्न काय होते ते दिसते.

तिसरे नारायण आपल्याच काळातील. बद्रीनारायण बारवाले यांनी तरुणपणी हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्यात भाग घेतला व पुढे ते शेतीकडे वळले. त्या काळी आपल्याकडील शेतकरी बहुधा घरच्याच पिकातील दाणे निवडून बियाणे म्हणून ठेवीत. धान्य पिकविणे ही रूढ वाट. बियाणेच पीक म्हणून पिकवावे आणि इतर शेतकऱ्यांकडूनही पिकवून घ्यावे, ही नवी. संकरित वाणाचे बी दरवर्षी नव्याने तयार करावे लागते. दोन निवडक वाण एकमेकांशेजारी लावून त्यांचा संकर घडवावा लागतो, आणि त्यात परक्या परागाची भेसळ झाली तर सारे श्रम वाया जातात. असे चिकाटीचे काम त्यांनी जालन्यात आरंभिले व सन १९६४ मध्ये 'महिको' ही कंपनी स्थापिली. जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. सन १९९८ मध्ये त्यांस जागतिक अन्न पुरस्कार, आणि सन २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. सन २०१७ मध्ये ते निवर्तले.

एक संन्यासी, एक धर्मोपदेशक, एक उद्योजक. तिघांचे मार्ग भिन्न, श्रद्धाही भिन्न. मग त्यांत समान ते काय? आमच्या मते हेच, की वाट सोडणे हे त्यांचे कार्य नव्हते. कार्य त्यानंतर सुरू झाले. आणि त्या कार्याचे फळ त्यांनी एकट्याने खाल्ले नाही.

म्हणून, मुलांनो, "मला ही वाट नको" असे म्हणण्यापूर्वी स्वतःस विचारा: मी जे मागतो त्यासाठी टाकळीची बारा वर्षे देण्यास सिद्ध आहे काय? गणित अवघड वाटते म्हणून चित्रकार व्हावयाचे, हे स्वप्न नव्हे. ती पळवाट होय. परंतु जो मुलगा कोणी न सांगता पहाटे उठून चित्रे काढतो, त्याचे स्वप्न खरे समजावे. प्रभू येशूच्या दृष्टान्तातील एका चाकराने धन्याचे द्रव्य भीतीने जमिनीत पुरून ठेविले. पुरलेले द्रव्य होते तेवढेच राहते. पेरलेले बी मात्र अनेकपट होते. तुमच्या अंगच्या गुणांचे तुम्ही कोणते करणार?

पालकांसही आमची विनंती आहे. "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न बाजूस ठेवून "तू तयारी काय केलीस?" हा प्रश्न मुलास विचारावा. उत्तर मिळाले तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. न मिळाल्यास रागावू नये, थोडा अवधी द्यावा.

आणि मुलींविषयी तर अधिकच कळकळीने सांगावेसे वाटते. बाळ नारायण मंडपातून निघून गेला. आमच्या वर्गातील मुलीने कोठे जावे? आज कायद्याने मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पूर्ण झाल्यावाचून विवाह लावता येत नाही. तरीही ऊसतोडीचा हंगाम आला, किंवा स्थळ चालून आले, की आमच्या वर्गातील काही बाके रिकामी होतात. त्या बाकांकडे पाहून शिकविणे फार जड जाते. अशा संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येकाने पाठ करावा. परंतु तो फिरविण्याची वेळ लेकरावर येऊ न देणे, हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय.

सुटीत जिल्ह्याचा नकाशा घेऊन जांब, बेथेल व जालना ही तीन स्थळे शोधा, आणि त्यांजवळ आपल्या गावाची खूण करा. 'सावधान' हा शब्द केवळ वराने ऐकावयाचा नाही. तो आई-वडिलांनीही ऐकावा, शिक्षकांनीही ऐकावा. आणि ज्या लेकराच्या मनात काही उगवू पाहत आहे, त्याच्या मुळाशी आपण सर्वांनी मिळून थोडे पाणी घालावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.